जहरावींची चांदीची नळी आणि माहीमचे २४ जंतू

लघवी अडली की माणूस तडफडतो, हे हकीम आणि वैद्य दोघांनाही ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत मूतखड्याची शस्त्रक्रिया आहे. अंदलुसच्या अबुल कासिम अज्-जहरावी यांनी इ. स. १००० च्या सुमारास ‘किताब अत्-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याच्या शेवटच्या भागात लघवी मोकळी करणाऱ्या चांदीच्या नळीचे वर्णन आहे. बाराव्या शतकात त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपने तो शतकानुशतके वापरला.

पण नळी जीव वाचवते, तशी धोक्यातही घालते. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर ‘कॅथेटर फीव्हर’विषयी लिहू लागले. नळी घातली की रुग्णाला हुडहुडी भरून ताप येई. जंतू नळीबरोबर मूत्राशयात शिरतात आणि तिथून मूत्रपिंडापर्यंत चढतात. मधुमेह असेल तर कधीकधी मूत्रपिंडात चक्क वायू साठतो. हा संसर्ग विरळा, पण जीवघेणा. पुढे फोली यांची फुग्याची नळी आली आणि ती दिवसेंदिवस आत राहू लागली. १९५८ साली पॉल बीसन यांनी बजावले की गरज नसताना नळी घालूच नका.

अँटिबायोटिक्स आहेत, मग चिंता कसली, असे सर्वांना वाटत होते. हा भ्रम मुंबईतही फुटला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये कार्बापेनेम या राखीव औषधालाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ सापडले. मूत्रमार्गात नेहमी आढळणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला याच कुळातले. २०१० साली मात्र देशात वाद पेटला तो त्या नावातल्या ‘नवी दिल्ली’वरून! देशाची बदनामी झाली म्हणून आपण रागावलो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्यांवर तेवढे रागावलो नाही.

आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कितीतरी घरांत प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर अब्बा, आजोबा नळी-पिशवीसह परततात. डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा : नळी अजून लागते का, आणि ती कधी निघेल? पिशवी मूत्राशयाच्या खाली ठेवा, हाताळण्याआधी हात धुवा. थंडी वाजून ताप आला किंवा कंबर दुखू लागली तर उरलेल्या जुन्या गोळ्या देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. यात लाजण्यासारखे काही नाही. हजार वर्षांपूर्वी जहरावींनाही हा विषय उघडपणे लिहिताना लाज वाटली नव्हती.