जॅक कुठे लावला होता?

आमच्या बाबांची जुनी पिकअप. रोज पहाटे सासवडहून माल भरून दिवे घाट उतरायचा आणि मार्केट यार्ड गाठायचं, हे तिचं काम. गेले दोन महिने स्पीडब्रेकर आला की पुढून 'खट्ट'. एका गॅरेजवाल्याने जॅक लावून चाक हलवून पाहिलं, "जॉइंट टाइट आहेत" म्हणाला आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलून दिले. बिल झालं, आवाज तसाच. आपल्या भाषेत सांगायचं तर बग न सापडताच फिक्स टाकला!

परवा शनिवारी दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आवाज ऐकायच्या आधीच विचारलं, "त्यांनी जॅक कुठे लावला होता?" म्हटलं, चासीखाली. ते नुसते हसले.

त्या हसण्यामागे थोडा इतिहास आहे मंडळी. 1954 साली टेल्कोने डाइम्लर-बेन्झबरोबर ट्रक बनवायला घेतले. या ट्रकांची पुढची दोन्ही चाकं एकाच जाडजूड ॲक्सलला, वर पाटे, आणि चाक वळणार ते किंगपिनवर. इथे पाट्यांचा जोर किंगपिनमधून जात नाही. चाक उचललं की किंगपिन मोकळी. टायर वरून-खालून धरून हलवा, झीज हाताला कळते. मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मिस्त्रींच्या कित्येक पिढ्या हेच शिकल्या.

1966 मध्ये टेल्को पुण्यात आली आणि 1988 साली इथूनच टाटामोबाईल निघाली. मागून मालगाडी, पण पुढून कार! प्रत्येक चाक स्वतंत्र, त्याला वर एक आणि खाली एक आर्म, किंगपिनऐवजी बॉल जॉइंट, आणि पाट्यांच्या जागी पिळला जाणारा पोलादी दांडा, म्हणजे टॉर्शन बार. कल्पना जुनीच. सित्रोएनने 1934 मध्ये ती वापरली होती, आपल्या ॲम्बॅसॅडरलाही टॉर्शन बारच होता. पण माल वाहणाऱ्या गाडीच्या मिस्त्रीला हे नवं होतं. पुढे याच साच्यावर 1991 ला सिएरा आणि 1994 ला सुमो आली.

आता गंमत बघा. आमच्या गाडीतही टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला आहे. चासीखाली जॅक लावला की चाक लोंबतं, पण बार आर्मला खाली रेटतच राहतो. त्या ताणाने झिजलेला बॉल जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. म्हणजे ट्रकवर खरी ठरलेली तपासणी इथे चक्क खोटं बोलते! जॅक खालच्या आर्मखाली, चाकाजवळ लावला तरच जॉइंटवरचा ताण सुटतो.

मिस्त्रींनी तसा लावला, टायरखाली पहार घालून हलकेच उचकटलं. खट्ट! खालचा बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका हलला.

"हा निसटला असता ना, तर चाक आडवं झालं असतं," ते म्हणाले.

मला दिवे घाटातली वळणं आठवली. नाना पेठेत जाऊन दोन्ही बाजूंचे जॉइंट आणले, बसवले, अलाइनमेंट करून घेतली. आवाज बंद.

संध्याकाळी बाबांना सगळं सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. उद्या अंजीर भरायचेत."

असो. तुमच्या जुन्या गाडीला पुढून आवाज येत असेल तर पार्ट बदलायच्या आधी एवढं नक्की विचारा, जॅक कुठे लावला होता?