मॅरेथॉनमधली लबाडी : संशयापासून पुराव्यापर्यंत

आज आपण मॅरेथॉनच्या इतिहासाची जरा अडचणीची बाजू बघणार आहोत, ती म्हणजे हौशी धावकांची लबाडी. कबड्डीचं मैदान एका नजरेत मावतं, पंच समोरच उभा असतो. मॅरेथॉनचं मैदान म्हणजे बेचाळीस किलोमीटरचा रस्ता. तो सबंध कुणालाच दिसत नाही. त्यामुळे ही शर्यत पहिल्यापासून विश्वासावर चालत आली आहे. तो विश्वास मोडला तर कळतं कसं, आणि नुकसान नेमकं कुणाचं होतं, हे आपल्याला तपासायचं आहे.

सुरुवात अथेन्सपासून करू. १० एप्रिल १८९६. आधुनिक ऑलिंपिकची पहिली मॅरेथॉन. स्पिरिडॉन लुई २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पहिला आला. तिसरा आला स्पिरिडॉन बेलोकास, तोही ग्रीकच. चौथा होता हंगेरीचा ग्युला केलनेर. बेलोकासनं काही अंतर घोडागाडीतून कापलं, अशी तक्रार केलनेरनं केली. बेलोकास बाद झाला आणि तिसरा क्रमांक केलनेरला मिळाला. म्हणजे बघा, पहिल्याच शर्यतीत लबाडीही आली आणि ती उघडी पाडणारा सहधावकही आला. यजमानांच्या गावात, यजमानांच्याच माणसाविरुद्ध तोंड उघडायला हिंमत लागते, हेही आपण विसरू नये.

आता १९०४, अमेरिकेतलं सेंट लुईस. कडक ऊन, धुळीचे रस्ते. ३२ जण निघाले, त्यातले १४च शेवटपर्यंत पोचले. स्टेडियममध्ये सगळ्यात आधी शिरला फ्रेड लॉर्झ, पेशानं गवंडी. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रत्यक्षात दमल्यामुळे त्यानं साधारण १४ किलोमीटरनंतर शर्यत सोडली होती आणि पुढचं बरंचसं अंतर मोटारीतून काढलं होतं. मोटार बंद पडली, तेव्हा गडी उतरून पुन्हा पळायला लागला. लबाडी लगेच उघड झाली. ‘गंमत केली’ असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर आजीवन बंदी आली, पण ती पुढे उठवली गेली, आणि १९०५ साली याच लॉर्झनं बोस्टन मॅरेथॉन जिंकली. लबाडी करणारा प्रत्येक जण पळू न शकणाराच असतो, ही आपली समजूत इथे कोलमडते.

लॉर्झचं प्रकरण लोक हसून सांगतात. १९८० सालचं बोस्टन मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २१ एप्रिलला रोझी रुईझ २ तास ३१ मिनिटं ५६ सेकंदांत महिलांत पहिली आली. गळ्यात पदक, डोक्यावर विजयाचा मुकुट. पण चेहऱ्यावर थकवा नाही, अंगावर फारसा घाम नाही. सरावाबद्दल विचारलं तर उत्तरं गोलमाल. वाटेतल्या निरीक्षकांनी तिला पाहिलेलं नव्हतं. मग दोन विद्यार्थी पुढे आले : ती शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर शिरताना आम्ही पाहिली. न्यूयॉर्कच्या एका छायाचित्रकार बाईंनी सांगितलं, की १९७९च्या तिथल्या मॅरेथॉनच्या दिवशी ही आपल्याला भुयारी रेल्वेत भेटली होती. आणि त्याच शर्यतीतल्या वेळेवर तिला बोस्टनचा प्रवेश मिळालेला! आठ दिवसांनी तिचं विजेतेपद काढून घेतलं गेलं.

खरी विजेती होती कॅनडाची जॅकलीन गारो. वेळ २ तास ३४ मिनिटं २८ सेकंद. तूच पहिली आहेस, असं वाटेत लोक तिला ओरडून सांगत होते, आणि अंतिम रेषेवर पोचली तर मुकुट दुसरीच्या डोक्यावर. पदक तिला नंतर मिळालं. पण त्या दुपारची ती गर्दी, तो जल्लोष कोण परत आणून देणार? पदकाची भरपाई करता येते. त्या क्षणाची येत नाही. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नुकसान होतं ते मागून प्रामाणिकपणे धावत येणाऱ्याचं.

यानंतर यंत्रं आली. १९९६ पासून बोस्टनमध्ये धावकांची वेळ चिपवर मोजली जाऊ लागली. चिप घेऊन रस्त्यावरच्या मॅटवरून गेलं की वेळ नोंदली जाते. मधली नोंद गायब असेल तर प्रश्न उभा राहतो. मग लबाडी थांबली का? नाही. एकाची चिप दुसरा घेऊन धावतो. २०२३च्या मेक्सिको सिटी मॅरेथॉननंतर सुमारे ११ हजार धावकांच्या नोंदींवर आक्षेप आल्याच्या बातम्या आपण वाचल्या. यातल्या बहुतेकांना बक्षीस मिळणार नव्हतंच. मग कशासाठी? बोस्टनसारख्या शर्यतीत जागा हवी म्हणून, गळ्यातल्या पदकासाठी, चार लोकांत सांगण्यासाठी.

पण इथेच आपण थोडं थांबायला हवं. चिप बिघडू शकते, मॅटवर नोंद सुटू शकते. एक नोंद दिसली नाही म्हणून कुणाला चोर ठरवायचं का? टप्प्याटप्प्याच्या वेळा, वाटेतली छायाचित्रं, त्या माणसाच्या आधीच्या शर्यती, हे सगळं जुळवून बघावं लागतं, आणि त्यालाही बोलू द्यावं लागतं. रुईझच्या बाबतीत आयोजकांनी निर्णयाला आठ दिवस घेतले. गारोसाठी ते फार लांबले असतील, पण आरोप पक्का झाला तो त्याच दिवसांत. आज एका फोटोवरून तासाभरात निकाल देणाऱ्या आपण सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. खोटी वेळ जशी खऱ्या धावकाचं हिरावून घेते, तसाच खोटा आरोपही घेतो.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.