मातीचा घुमट आणि गुर्न्याचे गावकरी

जुनी मशीद पाडून नवी बांधायचे ठरले की जमातीच्या बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'बांधकाम पक्के हवे' आणि 'दिसायला चांगले हवे'. पक्के म्हणजे सिमेंट आणि दिसायला चांगले म्हणजे घुमट, मिनार, चकचकीत फरशी. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या, उतरत्या कौलारू छपराच्या कितीतरी मशिदी या दोन वाक्यांनी गिळल्या. पुढे मे महिन्यात जोहरच्या नमाजाला पंखे पुरेनासे होतात आणि एसीसाठी चंदा सुरू होतो. पक्के काय आणि सुंदर काय, हे आम्ही ठरवतो कसे? या प्रश्नापायी एका माणसाने आयुष्य वेचले. त्याची कहाणी आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते, कारण तिच्यात यशाइतकेच अपयशही शिकण्यासारखे आहे.

हसन फतही हे त्याचे नाव. जन्म 1900 साली अलेक्झांड्रियात, एका सधन जमीनदार घराण्यात. 1926 मध्ये तो कैरोत वास्तुशास्त्राचा पदवीधर झाला. त्या काळी इजिप्तमध्ये वास्तुविशारद म्हणजे युरोपच्या नमुन्यांची नक्कल करणारा. खेड्यातला फल्लाह, म्हणजे शेतकरी, त्याच्या कागदावर कुठेच नव्हता. फतहीच्या मनात मात्र एक साधा विचार आला. शेतकऱ्याच्या पायाखाली फुकटची माती आहे, ती वाळवायला फुकटचे ऊन आहे. मग त्याला चांगले घर का मिळू नये?

अडचण छपराची होती. मातीच्या भिंती कोणीही उभारील, पण वर लाकूड लागणार आणि लाकूड महाग. 1941 च्या सुमारास, महायुद्धामुळे लाकूड आणि लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा फतहीने मातीच्या विटांचीच कमान छपर म्हणून घालून पाहिली. ती कोसळली. तेव्हा अस्वानला नोकरीस असलेल्या त्याच्या भावाने त्याला सांगितले, की तिकडचे नूबियन गवंडी कसलाही लाकडी साचा न लावता कमानदार छपर घालतात.

फतही अस्वानला गेला आणि विद्यापीठात जे शिकला नव्हता ते निरक्षर उस्तादांकडून शिकला. विटा पातळ आणि भरपूर भुसा घातलेल्या, म्हणून हलक्या. ओल्या विटेवर बोटांनी दोन रेघा ओढलेल्या, म्हणजे चिखल घट्ट धरतो. खोलीची मागची भिंत उंच बांधायची, तिच्यावर कमानीचा आकार नजरेने आखायचा आणि विटांचा पहिला थर तिच्यावर कलता टेकवायचा. दुसरा थर पहिल्यावर कलता, तिसरा दुसऱ्यावर. प्रत्येक थर आधीच्याला टेकलेला, म्हणून खालून आधाराची गरजच नाही. लक्सरजवळ रामेसिअमच्या मंदिराशेजारी अशाच मातीच्या कमानींची धान्यकोठारे तीन हजार वर्षांहून अधिक काळ उभी आहेत. मग कच्चे कशाला म्हणायचे?

इथेच सौंदर्याचा मुद्दा येतो. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. ती वाकवली की तडकते. म्हणून तिच्या छपराला सगळा भार दाबाच्या रूपाने खाली नेणारा वळसा घ्यावाच लागतो. त्या कमानीची डौलदार रेघ कोणी नकाशावर शोभेसाठी काढलेली नाही. ती मातीच्या दुबळेपणातून आली आहे. काटकसर आधी, देखणेपण तिच्या पोटी. सौंदर्य म्हणजे वरून केलेला खर्च, ही आपली समजूत ही रेघ खोटी पाडते.

आणि हे घर उन्हाळ्यात थंड राहते. 1964 साली कैरोत दोन नमुन्याच्या खोल्या बांधून मोजमाप झाले. पन्नास सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत दिवसरात्रीचे तापमान 21 ते 23 अंशांत राहिले. दहा सेंटिमीटरच्या काँक्रीट पट्ट्यांच्या खोलीत ते 36 अंशांवर गेले, बाहेरच्या हवेपेक्षाही नऊ अंश जास्त! म्हणजे आम्ही पैसे मोजून भट्टी विकत घेतो आणि ती थंड करायला पुन्हा पैसे मोजतो.

1945 मध्ये फतहीला मोठी संधी मिळाली. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, प्राचीन सरदारांच्या थडग्यांवरच गुर्ना हे गाव वसले होते. सुमारे सात हजारांची वस्ती. थडग्यांतल्या वस्तू विकणे हा तिथल्या अनेकांचा पिढीजात धंदा. तो थांबावा म्हणून सरकारने गाव खाली शेतात हलवायचे ठरवले आणि नवे गाव उभारण्याचे काम फतहीला दिले. त्याने मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह, अंगणांची घरे, सगळे मातीत रचले. शाळेच्या माथ्यावर वारा पकडणारे मलकफ ठेवले. त्यातून येणारी हवा ओल्या कोळशावरून खाली उतरून वर्ग गार करी. सुमारे नऊशे घरे व्हायची होती. 1948 मध्ये काम थांबले तेव्हा त्यांतला लहानसा भागच उभा होता.

गावकरी आलेच नाहीत. उलट नव्या गावात पाणी घुसावे म्हणून बांध फोडण्यात आला. सरकारी दिरंगाई होतीच, पण मूळ कारण पोटाचे होते. ज्या डोंगरावर रोजी, तो सोडून माणूस सुंदर घरात काय खाणार? दुसरे कारण ऐकून आपल्यापैकी अनेकांना हसू येईल आणि लगेच ओळखही पटेल. घुमट असतो तो वलीच्या मजारीवर. जिवंत माणसाने घुमटाखाली संसार कसा थाटावा? फतहीला ज्यात सौंदर्य दिसले त्यात गुर्न्याला कबर दिसली.

फतहीने ही सारी कहाणी 1969 मध्ये पुस्तकात मांडली. 1973 मध्ये ती शिकागोहून इंग्रजीत पुन्हा निघाली आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले. 1980 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या पहिल्या फेरीत त्याचा खास सन्मान झाला. 1989 मध्ये तो वारला. पुढे नव्या गुर्न्यातली बरीच घरे ओल आणि क्षाराने ढासळली, काहींच्या जागी काँक्रीट आले. 2010 मध्ये धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत या गावाचे नाव लागले, त्यानंतर युनेस्कोच्या पुढाकाराने मशिदीसारख्या काही इमारतींची डागडुजी झाली. डोंगरावरचे जुने गुर्नेही वाचले नाही. 2006 पासून सरकारने तिथली घरे पाडली.

आम्ही मातीचे गोडवे गाऊ इच्छित नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली, हे मराठवाडा विसरलेला नाही. त्यानंतर ज्याने स्लॅब मागितला त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. फतहीची वाट अंधपणे चालायची नाही. ज्या मातीतले, ज्या हवेतले बांधकाम, तिथलाच विचार करायचा, आणि राहणाऱ्याला विचारून करायचा. पहिली गोष्ट फतहीला साधली, दुसरी पुरती साधली नाही.

आमची गंमत उलटी आहे. गुर्न्यात घुमट म्हणजे कबर होती. आमच्याकडे घुमटावाचून मशीदच होत नाही असे आम्ही ठरवून बसलो आहोत. असा नियम दीनने घातलेला नाही. मदिन्यात पैगंबरांनी (स.) उभारलेल्या मशिदीचे खांब खजुराच्या खोडांचे होते आणि छपर खजुराच्या झावळ्यांचे. कोकणातल्या आमच्या वाडवडिलांनीही घुमटासाठी हट्ट धरला नाही. धो धो पावसाचा विचार करून त्यांनी छपराला उतार दिला, जांभ्याच्या जाड भिंती बांधल्या. त्यांच्या मशिदी शोभत होत्या, कारण त्या आपल्या गावाच्या होत्या.

पुढच्या बैठकीत कोणी 'पक्के आणि चांगले' म्हणाले, तर आपण एवढेच विचारू या: पावसात गळेल का, उन्हात तापेल का, विजेचे बिल कोण भरील, आणि इथे रोज सजदा करणाऱ्या म्हाताऱ्यांना कोणी विचारले का? उत्तरे नीट मिळाली, तर देखणेपण आपोआप येईल.