आईची गुलबक्षी आणि शिवडीची बाग

गेल्या शनिवारी यवतमाळहून ट्रॅव्हल्सने डबा आला. सकाळी सहाला खराडी बायपासला डोळे चोळत उभं राहून तो उतरवून घेतला. डब्यात चिवडा, तुरीची डाळ, लिंबाचं लोणचं हे नेहमीचं सामान होतंच. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक छोटी पुडी होती. उघडून बघतो तर काळे, सुरकुतलेले, गोल दाणे. मला वाटलं मिरे. म्हटलं, आईला पुण्यात मिरे मिळत नाहीत असं वाटतं की काय? लगेच फोन लावला.

"मिरे नाही रे ते, गुलबक्षीच्या बिया हायेत! पोटात गेल्या तर विषारी असतात. टाकल्या नाहीस ना कुठं?"

तर मंडळी, मी आणि माझा मसालेभात थोडक्यात वाचलो. :)

बिया कुंडीत पेरल्या आणि मग रविवारची अर्धी दुपार लॅपटॉपवर गेली. आमच्यासारख्या लोकांना कुठलीही गोष्ट एक्सेलमध्ये भरल्याशिवाय चैन पडत नाही. मी आमच्या यवतमाळच्या घरच्या अंगणातल्या आणि मागच्या सांदवाडीतल्या (पुणेकरांसाठी : परसबागेतल्या) झाडांची यादी केली आणि पुढच्या रकान्यात प्रत्येकाचं मूळ गाव लिहीत गेलो. निकाल बघून जरा हादरलोच.

गुलबक्षी : अमेरिका खंड. झेंडू, ज्याच्याशिवाय आमचा दसरा होत नाही : मेक्सिको. निशिगंध : तोही मेक्सिकोचाच. देवळासमोरचा पांढरा चाफा : मध्य अमेरिका. सदाफुली : मादागास्कर. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली कर्दळ, जिच्या शास्त्रीय नावातच 'इंडिका' आहे : अमेरिकेचा उष्ण प्रदेश. सीताफळ आणि पपई : अमेरिकाच. पेरू, ज्याला आम्ही वऱ्हाडात जाम म्हणतो आणि पुण्यात आल्यावर त्यावरून हसं करून घेतो : पुन्हा अमेरिका. शेवंती चीनची. फाटकाजवळचा गुलमोहर मादागास्करचा. शेवटी अस्सल आपले म्हणावे असे उरले तुळस, मोगरा, पारिजातक आणि कडुनिंब.

आईला फोनवर ही यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग काय झालं? पाणी तर मीच घालतो ना." (आमच्याकडे बायकाही 'मी घालतो, मी जातो' म्हणतात, दचकू नका.) विषय तिच्यापुरता संपला. माझ्यापुरता सुरू झाला. ही सगळी मंडळी समुद्र ओलांडून आली कशी?

यातली बरीचशी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या बाजूने आली, हे आपण शाळेत मिरची आणि काजूच्या निमित्ताने वाचलेलं असतं. गुलमोहराची गोष्ट मात्र बरीच अलीकडची आहे, आणि ती थेट मुंबईतल्या एका सार्वजनिक बागेपाशी जाते.

१८३० साली मुंबईत 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची संस्था निघाली. काम साधं : परदेशातून झाडं आणि बियाणं आणायचं, लावून बघायचं आणि जे जगेल ते पसरवायचं. संस्थेची बाग शिवडीला होती. याच काळात मुंबईच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहम नावाचा स्कॉटिश अधिकारी होता, डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. दिवसा टपाल, उरलेल्या वेळात झाडं. त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक यादीच करायला घेतली. रानातली झाडं तर त्यात होतीच, पण लोकांच्या बागांतून वाढणारी, बाहेरून आलेली झाडंही होती. १८३९ मध्ये यादी छापून होत होती आणि त्याच वर्षी खंडाळ्याला ग्रॅहम वारला. शेवटचा भाग त्याच्या मित्राने पुरा केला. दिवसभराची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी छंद पुरवणाऱ्या माणसांबद्दल मला उगाचच जवळीक वाटते, त्यामुळे ग्रॅहमसाहेब लगेच आवडून गेले.

त्या काळात झाड जहाजातून नेणं म्हणजे मोठी जोखीम होती. डेकवर ठेवलं तर खारं वारं मारायचं, खाली ठेवलं तर अंधार. गोडं पाणी आधी खलाशांना, मग झाडाला. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनिअल वॉर्ड नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचं आपोआप उगवलंय आणि बाहेरून पाणी न घालता जगतंय. आतलीच वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. त्यावरून त्याने काचेच्या पेट्या केल्या. १८३३ मध्ये त्या सिडनीला पाठवल्या. कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतरही आतली झाडं हिरवी होती! पुढे जगभर झाडं हलवायला याच पेट्या वापरल्या गेल्या. चहाची रोपं चीनमधून भारतात आली ती अशाच पेट्यांमधून.

गुलमोहर युरोपियन लोकांच्या नजरेत भरला १८२० च्या दशकात, वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. मादागास्करहून तो मॉरिशसला आला आणि तिथून पसरला. आपल्याकडची त्याची पहिली नोंद सांगितली जाते ती १८४० च्या सुमाराची, आणि जागा कुठली? तर शिवडी!

आता शिवडीची ती बाग बघायला जाल तर तिथे बाग नाही. १८६० च्या दशकात शहर वाढलं, कबरस्तानाला जागा हवी होती, आणि सोसायटीची बाग त्यासाठी घेतली गेली. आज तिथे शिवडीचं ख्रिश्चन कबरस्तान आहे. सोसायटी आपला बाडबिस्तरा घेऊन भायखळ्याला गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिथे नवी बाग उघडली : व्हिक्टोरिया गार्डन्स. म्हणजेच आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

आणि इथे गोष्टीत आमचा वऱ्हाड येतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड तर १८५३ पासूनच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला, आणि कापसासाठी त्यांचा डोळा त्यावर होताच. मुंबईत कापसाचा पैसा असा आला की लोकांनी बँका, कंपन्या, समुद्र बुजवण्याच्या योजना, दिसेल तिथे तो ओतला. राणीची बाग आणि तिच्या आवारातलं म्युझियम याच तेजीतली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईचे भलेभले शेठ धुळीला मिळाले. म्युझियमचं काम रखडलं, ते उघडायला १८७२ उजाडलं. बाग चालवणं सोसायटीला झेपेना, शेवटी १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे गेली. (याच नावाची सोसायटी आज पुण्याची एम्प्रेस गार्डन सांभाळते. जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन बघितलं असेल तुम्ही.)

कापसाच्या तेजी-मंदीत काय होतं हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या तेजीतून एक हिरवी गोष्ट उरली आणि ती आजही कुणालाही आत जाऊन बघता येते, याचं मला फार बरं वाटलं.

मी राणीच्या बागेत पहिल्यांदा गेलो तो नोकरी लागल्यावर, तेही पेंग्विन बघायला. २०१६ मध्ये पेंग्विन आले तेव्हापासून सगळी मुंबई तेवढ्यासाठीच जाते. पेंग्विन दहा मिनिटांत बघून झाले, आणि मग तीन तास मी झाडांखालीच होतो. बुंध्याचा रांजण झालेला आफ्रिकेचा गोरखचिंच. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी, लाल झुंबरं लोंबावीत तशी तिची फुलं. बाहेर भायखळ्याचा गोंगाट आणि आत बाकावर डबा खाणारी माणसं, अभ्यासाला आलेली पोरं, झोपलेले आजोबा. मुंबईत फुकट किंवा नाममात्र पैशांत सावली मिळणं ही काय चैन आहे हे मुंबईकरच जाणे. २००७ नंतर या बागेच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला, तेव्हा झाडांची काळजी वाटलेल्या नागरिकांनी काय केलं? झाडं मोजली. तीन हजारांवर झाडं, पावणेतीनशेपेक्षा जास्त जाती. पुन्हा एक यादी! ग्रॅहमसाहेब खूश झाले असते.

आमच्या लहानपणी 'बाग' म्हणजे नागपूरची महाराजबाग. भोसल्यांची बाग, पुढे ती कृषी महाविद्यालयाकडे आली, आणि आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. शाळेची सहल जायची तेव्हा आम्ही पोरं वाघाच्या पिंजऱ्याकडे पळायचो. आई एकदा पालक म्हणून सोबत आली होती. तिने वाघ बघितलाच नाही. ती माळीबुवांशी बोलत बसली आणि येताना पिशवीत कर्दळीचा एक गड्डा घेऊन आली. "मागितला, त्यांनी देल्ला," एवढंच तिचं स्पष्टीकरण. आमच्या न्हाणीमागची पिवळी कर्दळ ती हीच.

आता जरा नको असलेली आठवण. २०१७ चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला. यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर पाणी पितं, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्हींनी तळ गाठला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीत घरी आलो. नळ कितीतरी दिवसांआड यायचा. टँकर आला की अख्खी गल्ली ड्रम घेऊन रस्त्यावर. पारा पंचेचाळिसाच्या आसपास. माणसांना प्यायला पाणी नाही तिथे फुलझाडाला पाणी घालायचं म्हणजे पापच वाटायचं. शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देता आली नसती.

आईने तांदूळ धुतलेलं पाणी आणि भांड्यांचं पहिलं पाणी बादलीत साठवायला सुरुवात केली. दिवसाला एक बादली. मग कुणाला द्यायचं? तिने ठरवलं : तुळस, कढीपत्ता, लिंबू. बाकीच्यांची नावं तिने घेतलीच नाहीत. मोगरा गेला. कर्दळ वाळून काडी झाली. गुलबक्षी तर कधी गेली ते कळलंही नाही. संध्याकाळी ती फुलायच्या वेळेला आई अंगणात यायची आणि नुसतीच उभी राहायची. मी म्हणालो, "नर्सरीतून नवीन आणू ना पावसाळ्यात." ती काही बोलली नाही. मला तेव्हा ते समजलं नव्हतं.

जुलैत पाऊस लागला. एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू आल्या, पदराखाली पिशवी. त्यांच्याकडे विहीर होती, त्यामुळे त्यांचं बरंच काही तगलं होतं. पिशवीत पिवळ्या कर्दळीचा गड्डा आणि मूठभर काळ्या बिया. म्हणाल्या, "तुमचंच हाये. मागं तुम्हीच देल्लं होतं."

आईने कुठल्यातरी हळदीकुंकवाला ते वाटलं होतं आणि ती विसरूनही गेली होती.

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की बॅकअप त्याच मशीनवर ठेवू नये. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिवडीच्या सोसायटीलाही नव्हतं. त्यांची पहिली बाग कबरस्तानाखाली गेली, दुसरी हातातून सुटली. पण तोपर्यंत रोपं लोकांच्या अंगणात पोचली होती. आज मे महिन्यात यवतमाळला रस्त्याच्या कडेला गुलमोहर पेटलेला दिसतो, तेव्हा शिवडीच्या त्या बागेचं नाव कुणाला ठाऊक नसतं. बागेला त्याचं काही वाईट वाटत असेल असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी हे सगळं आईला सांगत होतो तर ती म्हणाली, "एवढं काय वाचून राहिला? कांडी दिली का झाड वाचते, आमची आजी सांगायची." घ्या! माझी एक्सेल शीट गेली पाण्यात.

असो. पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत चार फूट बाय तीन फुटांची जागा आहे, त्यात दुपारी दीड तास ऊन येतं. म्हणजे गुलबक्षीचा भरवसा नाही. म्हणून सगळ्या बिया पेरल्या नाहीत. सहा कुंडीत टाकल्या, थोड्या खालच्या वॉचमनकाकांना दिल्या, त्यांच्या खोलीमागे मोकळी माती आहे. थोड्या ऑफिसातल्या एका मित्राला दिल्या. त्याला आधी सांगितलं, "मिरे नाहीत, खाऊ नकोस."

काल सकाळी काकांनी हाक मारून दाखवलं. तीन कोंब वर आलेत. माझ्या कुंडीत अजून नुसती माती आहे.