‘लोप’, ‘तारण’, ‘अर्धेली’ : जॉर्जियाच्या इतिहासाची परिभाषा

एखाद्या प्रदेशाच्या इतिहासाची परिभाषा ही अभ्यासाची निरुपद्रवी साधनसामग्री मानण्याची प्रथा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्याच्या इतिहासाकडे वळणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही प्रथा फार काळ पाळता येत नाही. तेथील बहुतेक संज्ञा घटना घडत असतानाच, त्या घडवणाऱ्यांनी योजलेल्या आहेत; त्यामुळे संज्ञा स्वीकारणे म्हणजे पुष्कळदा निवाडाही स्वीकारणे होय. भाषांतर करताना ही बाब विशेषत्वाने उघड होते.

‘विश्वस्त’ ही आरंभीची संज्ञा. १७३२च्या सनदेनुसार वसाहतीचा कारभार लंडनमधील विश्वस्तांकडे होता आणि त्यांना स्वतःला तेथे जमीन धारण करता येत नव्हती. (मराठी वाचकाला येथे गांधीजी आठवतील; त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.) १७३५ मध्ये विश्वस्तांनी गुलामगिरीवर बंदी घातली. तीमागे नीतिविचारापेक्षा स्पॅनिश फ्लॉरिडाची धास्ती आणि लहान शेतकऱ्यांची वसाहत वसवण्याचा हेतू अधिक होता. १७५१च्या आरंभी बंदी उठली. १७९० मध्ये राज्यात सुमारे २९ हजार गुलाम होते. १८६० मध्ये ही संख्या सुमारे ४ लाख ६२ हजारांवर गेली. मध्यंतरी, १७९३ मध्ये, सव्हानानजीकच्या एका मळ्यावर एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र सिद्ध केले होते.

कापसाला जमीन हवी होती, आणि ती क्रीक व चेरोकी लोकांची होती. १८०२च्या करारात केंद्र सरकारने त्यांचा भूमीवरील हक्क ‘एक्स्टिंग्विश’ करण्याचे, अर्थात विझवण्याचे, जॉर्जियाला आश्वासन दिले. मराठीत ‘हक्काचा लोप होणे’ असे म्हटले की कर्ताच दिसेनासा होतो. पुढील संज्ञा ‘रिमूव्हल’. तिला ‘स्थलांतर’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. परंतु स्थलांतर कोकणातून मुंबईस जाणारा गिरणी कामगारही करतो. १८३८ मध्ये चेरोकींना सैनिकांनी घरांतून काढून छावण्यांत कोंडले, आणि सुमारे १६ हजारांपैकी अंदाजे ४ हजार लोक त्या पर्वात मृत्यू पावले. १८३२ मध्येच त्यांच्या जमिनीचे तुकडे सोडत काढून गोऱ्या रहिवाशांना वाटण्यात आले होते. ज्यांना ‘टोळी’ म्हटले गेले, त्यांचे स्वतःच्या लिपीत छापले जाणारे वृत्तपत्र १८२८ पासून न्यू एकोटा येथून निघत होते.

यादवी युद्धानंतरची परिभाषा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘पुनर्रचना’ हा शब्द मराठीत प्रशासकीय वाटतो. तेथे प्रश्न नागरिक कोण, हा होता. सप्टेंबर १८६८ मध्ये विधिमंडळातील कृष्णवर्णीय सदस्यांना काढून टाकण्यात आले. युक्तिवाद असा की, राज्यघटनेने त्यांना मतदानाचा हक्क दिला आहे, पद धारण करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. १८७०मध्ये ते परतले. परंतु १८७१-७२ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाने सत्ता पुन्हा हस्तगत केली आणि या सत्तांतरास ‘रिडेम्प्शन’ असे नाव मिळाले. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात: पापातून सुटका आणि गहाण वस्तू सोडवून घेणे. ‘उद्धार’ म्हटल्यास दुसरा अर्थ गळतो. ‘तारण’ मात्र दोन्ही पेलतो. ख्रिस्ती मराठीतला मोक्ष तोच आणि सावकाराकडची हमीही तीच. राज्याचे असे ‘तारण’ होत असतानाच मुक्त झालेल्या गुलामांचे पीक, बियाणे व धान्य उधार देणाऱ्या व्यापाऱ्याकडे, कापणीपूर्वीच तारण राहू लागले होते.

‘शेअरक्रॉपिंग’साठी ‘अर्धेली’ किंवा ‘बटई’ हे शब्द सुचतात व तेच फसवतात. त्यांतून कसणाऱ्याचा जमिनीशी काही कुळासारखा संबंध सूचित होतो. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ मध्ये नेमका हाच संबंध नाकारला: वाटेकरी हा कूळ नव्हे, मजूर होय, त्याचा वाटा ही मजुरी देण्याची एक रीत आहे. म्हणजे पेरलेल्या पिकावरही ताबा मालकाचा. कैदी भाडेपट्ट्याने देण्याच्या १८६८ ते १९०८ या काळातील पद्धतीला ‘वेठबिगार’ म्हणणे त्यामानाने सोपे आहे.

याच सुमारास, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. जॉर्जियात तोवर जुन्या मालकवर्गाची सत्ता परतली होती. त्याने फुले यांचा निर्णय उणा ठरत नाही. कायद्याने गुलाम नसलेल्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला त्यांनी गुलामगिरी म्हटले. हा विस्तारलेला अर्थ १८७३च्या जॉर्जियाला अमेरिकी कायद्यातील अर्थापेक्षा जवळचा आहे.

विसाव्या शतकातील ‘काउंटी युनिट’ ही संज्ञा निव्वळ गणिती भासते. १९१७च्या कायद्याने पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मोठ्या काउंटीला सहा, मध्यम काउंटीला चार आणि उरलेल्या प्रत्येक काउंटीला दोन एकके दिली. १९६० मध्ये अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत येते तिची लोकसंख्या ५,५६,३२६ होती. एकोल्स, क्विटमन व ग्लॅस्कॉक या तीन काउंटींची मिळून ६,९८०. दोन्हीकडे एकके सहाच. ही पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये रद्द ठरवली.