ग्रीस जाळणारा उतार

पुतण्याला डोंगरात फिरवायची सायकल घ्यायची होती, म्हणून त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "कुठली दाखवू? क्रॉस-कंट्री, ट्रेल, एन्ड्युरो की डाउनहिल?" आमच्या लहानपणी सायकलचे दोनच प्रकार असत : घरची आणि भाड्याची. घरी येऊन या चार नावांचा माग काढू लागलो, तर तो मला थेट कॅलिफोर्नियातल्या एका कच्च्या रस्त्यावर घेऊन गेला.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटी लागते. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक रस्ता पाइन माउंटनवरून खाली येतो. लांबी जेमतेम दोन मैल, पण तेवढ्यात तो तेराशे फूट उतरतो. १९७०च्या दशकात आसपासची तरुण मंडळी तिथे सायकली दामटू लागली. त्यांतले काही जण डांबरी रस्त्यांवरच्या शर्यतींत मुरलेले होते. पण शर्यतीची नाजूक, बारीक टायरची सायकल या दगडधोंड्यांत टिकणार कशी? मग त्यांनी १९३०-४०च्या सुमारास बनलेल्या, जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि मडगार्ड वगैरे काढून टाकले. तरीही वजन वीस किलोच्या घरात. या खटाऱ्यांना ते 'क्लंकर' म्हणत.

या सायकलींना ब्रेक होता तो पायाचा. पॅडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागे. त्या उतारावर हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई. खाली पोचल्यावर हब खोलायचा, पुसायचा आणि नवे ग्रीस भरायचे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात. उताराचे नावच 'रीपॅक' पडले! २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. चार्ली केली हा तिचा सूत्रधार. एकेक स्वार वरून सुटायचा आणि खाली त्याची वेळ नोंदली जायची. गॅरी फिशरने पुढे नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंदांची वेळ या शर्यतींत कोणालाच मोडता आली नाही.

उतरण्याच्या या कथा रंगवून सांगितल्या जातात. मला मात्र प्रश्न पडला, ही मंडळी वर कशी जात? एकच गिअर, वीस किलोचे धूड. सायकल ढकलत न्यायची, नाहीतर ट्रकमध्ये टाकून. १९७५च्या सुमारास फिशरने आपल्या क्लंकरला गिअर आणि हाताने दाबायचे ड्रम-ब्रेक बसवले. गिअर लावणारा तो काही पहिलाच नव्हे, पण या टोळीत ती गोष्ट रुजली आणि डोंगर पॅडल मारत चढता येऊ लागला. माझ्या मते खरा इतिहास इथे वळतो. चढ हा फेरफटक्याचाच भाग, की उताराच्या मजेसाठी भरलेला दंड? दुकानदाराची चार नावे ही या एका प्रश्नाची चार उत्तरे आहेत.

चढ आणि उतार दोन्ही घड्याळावर मोजायचे, ते क्रॉस-कंट्री. त्याची सायकल हलकी. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिला प्रवेश मिळाला. डाउनहिलवाले आजही गाडीने किंवा पाळण्याने वर जातात. त्यांच्या सायकलची चाके दणका बसला की साधारण २०० मिलिमीटर दबतात. अशी सायकल चढावर चालवणे म्हणजे शिक्षाच. एन्ड्युरोत वर जायचे बहुधा पायांच्याच बळावर, पण घड्याळ फक्त उतारावर. आणि ट्रेलवाल्याला घड्याळच नको.

जुने सांगाडे मार खाऊन तडकत, म्हणून १९७७मध्ये जो ब्रीझने क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९७९मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीने बनवलेले सांगाडे घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली. नावावर हक्क नोंदवायचा प्रयत्न मात्र फसला आणि ते नाव साऱ्या जगाचे झाले. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टंपजंपर' आली आणि हे वेड दुकानादुकानांत पोचले.

पण सायकली वाढल्या तशी मरीनमध्ये कुरबुर सुरू झाली. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्या अंगावर वळणावरून अचानक सायकल येऊ लागली. (मी स्वतः टेकडीवर पायी जाणारा, त्यांची बाजू मला पटते.) रीपॅकची शेवटची शर्यत १९८४मध्ये झाली. त्याच दशकात तिथल्या अनेक अरुंद पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या. वणव्यासाठी काढलेल्या रुंद रस्त्यांवर परवानगी राहिली, पण वेगाची मर्यादा घालून : ताशी १५ मैल. फिशरच्या त्या ४ मिनिटे २२ सेकंदांचा मी कागदावर हिशेब केला. सरासरी वेग ताशी सत्तावीस मैलांच्या वर जातो.