नोकरीची खबर आणि दुकानाची गादी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शहापूर-मुरबाडच्या व्यापारी जीवनाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. कापडाचे जुने भाव आठवत बसलो असता ध्यानात आले, की आमच्या गादीवर आणखी एका वस्तूची देवघेव होत असे आणि तिची नोंद कोणत्याही चोपडीत नाही. ती वस्तू म्हणजे नोकरीची खबर.

रिकामी जागा सर्वांना जाहीर कळवावी, ही रीत तशी अलीकडची. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक लावी आणि दस्तुरीही घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आणली. तरी रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी हजेरी चुकली नाही. पुढे रिकाम्या जागा कळविण्याविषयीचा १९५९ चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी, अमलात आला. पंचवीस वा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनाही त्याखाली सेवायोजन कार्यालयास जागा कळवाव्या लागत. मात्र माणूस तेथूनच घ्यावा, असे बंधन नव्हते. आणि आमची पेढी तर दोन गुमास्त्यांची! तिला कोणता कायदा लागणार?

शहापूरला आसनगाव स्थानक जवळ. कल्याण-मुंबईहून परतणारा नोकरदार सायंकाळी दुकानात घटकाभर टेके आणि कोठे कोण निवृत्त होत आहे, कोणत्या खात्यात माणूस कमी आहे, हे सहज बोलून जाई. मुरबाडला रेल्वे नाही. तिकडची खबर एस.टी.ने येई, अथवा पौष पौर्णिमेच्या म्हसे यात्रेत बैलबाजाराच्या गर्दीत कानी पडे. वडील म्हणत, रोजचे गिऱ्हाईक रोजचेच सांगते. नवे ऐकावे ते लग्नाचा बस्ता घ्यायला पाच वर्षांनी आलेल्या पाहुण्याकडून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी न्यूटन या गावातील नोकरदारांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही हेच आढळले. निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून लागली होती, आणि ती ओळख बहुधा अधूनमधून वा क्वचित भेटणाऱ्या माणसाची होती. निकटच्या मंडळींना आपल्याइतकेच ठाऊक असते, हे त्याचे साधे कारण.

मागणाऱ्याचीही एक रीत असे. ‘काहीही चालेल’ म्हणणारा मुलगा दुकानाची पायरी उतरताच विस्मरणात जाई. ‘नामे लिहिता येते, भिवंडीला राहायची तयारी आहे’ असे नेमके सांगणारा मात्र खबर येताच आठवे.

असा नेमके सांगणारा एक मुलगा मला आजही आठवतो. साल १९८७. मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावरचा, ठाकूर समाजाचा, वाणिज्य शाखेतून बारावी झालेला. हिशेबाचे काम मिळावे म्हणून तो तीन वेळा आला होता. त्याच सुमारास कल्याणच्या एका व्यापाऱ्याने हिशेबनीस हवा असल्याचे मला सांगितले. मी चिठ्ठी दिली ती आपल्या समाजातील मुलाला. त्याने विचारलेही नव्हते. त्याच्या वडिलांशी आमचा घरोबा होता, एवढेच. दोन महिन्यांत त्याने ते काम सोडले. खबर जिच्या-तिच्या घरोब्यातच फिरते, हे जॉबरविषयी वाचताना मला खटकते. स्वतः गादीवर बसलो असता खटकले नव्हते.

तो दुसरा मुलगा अनेक वर्षांनी मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आला. शेती करीत होता. कापड पाहता पाहता त्याने हसून विचारले, “शेठ, तेव्हा खरंच कुठं जागा नव्हती का हो?”

“नव्हती,” मी म्हणालो, आणि गज हाती घेऊन कापड मोजू लागलो.